तर्कदोष दाखवूनही घरातला वाद का मिटत नाही?

"समोरच्याचा तर्क चुकीचा आहे हे मला स्पष्ट दिसते, मी ते दाखवूनही देतो, तरी वाद मिटण्याऐवजी वाढतो," ही तक्रार बडोद्यातील समुपदेशनाच्या कामात मला वारंवार ऐकू येते. दांडिया बाजारातील जुन्या लाकडी घरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). घर विकून शहरातल्याच गोत्री भागात लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहायला जावे, असे त्याचे म्हणणे होते. वडिलांना आणि आत्यांना ते मान्य नव्हते.

झालेले वाद त्याने वहीत उतरवले होते आणि प्रत्येक वाक्यासमोर दोष लिहिला होता. "आज घर विकशील, उद्या देव्हारा, परवा आम्हाला वृद्धाश्रमात ठेवशील," या वडिलांच्या बोलण्यात एका गोष्टीतून दुसरी का उद्भवेल, याचे कारणच नव्हते. "हे तुझ्या बायकोचे बोल आहेत," असे आत्या म्हणाल्या, तेव्हा सूचना योग्य की अयोग्य हे बाजूला राहून ती कोणाची एवढेच पाहिले गेले. "घर ठेव, नाहीतर आमच्याशी संबंध ठेवू नकोस," यात दोनच पर्याय गृहीत धरले होते. जिन्याची दुरुस्ती किंवा काही महिने भाड्याने राहून पाहणे हे कोणी उच्चारलेच नव्हते. त्याची पारख अचूक होती, आणि ती प्रत्येकाने शिकावी असे मला मनापासून वाटते, कारण दोष कुठे आहे हे न कळल्यामुळे कितीतरी माणसे निष्कारण अपराधी भावना घेऊन जगतात.

एका नोंदीवर मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. वडील म्हणाले होते, "समोरचे काका फ्लॅटमध्ये गेले आणि सहा महिन्यांत वारले." त्यावर मुलाने सुनावले होते, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ!" तर्क म्हणून हे बरोबरच होते, एक घटना दुसरीच्या आधी घडली एवढ्याने ती तिचे कारण ठरत नाही, काकांचे वय आणि आजारही पाहावे लागतात. परंतु दिलेले कारण सदोष आहे म्हणून मूळ म्हणणेही खोटेच, असे मानणे हाही तर्कदोषच आहे, आणि तो बहुधा दोष ओळखण्यात तरबेज असलेल्यांकडूनच घडतो. वडील रोज संध्याकाळी सुरसागर तलावाच्या काठी मित्रांसोबत बसत. उतारवयात ओळखीचा शेजार सुटला की येणारा एकटेपणा प्रकृतीला बाधू शकतो, ही त्यांची भीती निराधार नव्हती.

गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, पाच हेत्वाभास (वरवर पटणारी पण सदोष कारणे) सांगितले आहेतच, शिवाय चर्चेचे तीन प्रकारही वेगळे केले आहेत: सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे म्हणणे फक्त खोडून काढले जाते ती वितंडा. मी त्याला विचारले, "यात तुमचे म्हणणे कुठे लिहिले आहे?" वहीत त्याची स्वतःची बाजू मांडणारी एकही ओळ नव्हती. बऱ्याच वेळाने त्याने सांगितले, की पावसाळ्यात वडील जिन्यावरून घसरले होते आणि तेव्हापासून रात्री जरा आवाज झाला तरी तो दचकून उठतो. हे त्याने घरात कधीच सांगितले नव्हते.

पुढच्या बोलण्यात दोषांची नावे घ्यायची नाहीत, आधी वडिलांचे म्हणणे त्यांना पटेल अशा शब्दांत परत सांगायचे, मग "बाबा, तिकडे गेल्यावर नेमकी कशाची धास्ती वाटते?" असे विचारायचे आणि त्यानंतरच स्वतःचे कारण मांडायचे, असे आम्ही ठरवले. वडिलांनी जिन्याची भीती आपल्यालाही वाटते हे कबूल केले, पण गोत्रीला जाण्यास नकार दिला. आता जुन्या घराजवळच्या रावपुऱ्यातच तळमजल्यावरची जागा पाहणे सुरू आहे. आत्यांचा विरोध कायम आहे.