कातड्याच्या तुकड्याने पुरुष बदलतात का?

तुम्ही विचारलंय, कॅनडात आदिवासी स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुष छातीवर कातड्याचा तुकडा लावतात, असल्या कलेने काही होतं का?

होतं, पण तुकड्याने नाही, त्यावरून जे बोलणं निघतं त्याने. मी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहतो, ऑफिसात मीही तो लावतो. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतंच, "हे काय?" मग पुरुषाला पुरुषाशी या विषयावर तोंड उघडावंच लागतं. भिंतीवरचं पोस्टर कुणाला असं अडवत नाही.

या 'मूस हाइड' मोहिमेची सुरुवात २०११ची. कॅरिअर या इथल्या आदिवासी समाजातले पॉल लासर्ट आणि त्यांची मुलगी रेवन हायवे १६ जवळ मूसच्या शिकारीला गेले होते. (मूस म्हणजे सांबराहून कितीतरी थोराड हरीण.) या रस्त्याच्या प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट या सुमारे ७०० किलोमीटरच्या पट्ट्याला 'अश्रूंचा महामार्ग' म्हणतात. कित्येक मुली-बायका, बहुतेक आदिवासी, तिथून नाहीशा झाल्या किंवा मारल्या गेल्या. देशभरात १९८० ते २०१२ मध्ये खून झालेल्या आणि बेपत्ता अशा १,१८१ आदिवासी स्त्रियांची नोंद खुद्द पोलिसांनी २०१४मध्ये जाहीर केली. शिकारीतलं कातडं कमावून बापलेकीने त्याचे चौकोन कापले नि पुरुषांना वाटले. लावायचा तर स्त्रिया आणि मुलांचा मान राखायचा, हिंसा थांबवायला हातभार लावायचा, हा शब्द द्यायचा.

जोडीला एक दिवस सूर्योदय ते सूर्यास्त अन्नपाण्याविना उपास. हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्या आया-मावश्या पाहत वाढलेल्या मला हे फार पटलं. इथे पोट रिकामं ठेवण्याची हाक मुळात पुरुषांना आहे.

'वॉकिंग विथ अवर सिस्टर्स' हे प्रदर्शन मला याहून खोल वाटतं. मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज) चित्रकार क्रिस्टी बेलकोर्ट यांनी २०१२मध्ये आवाहन केलं आणि मोकासिन जोड्यांच्या (आदिवासींच्या मऊ कातडी पादत्राणांच्या) मणीकाम केलेल्या वरच्या पट्ट्या लोकांनी पाठवल्या, १,७००हून अधिक जोड. जोडा मुद्दाम पुरा करायचा नाही, कारण ती आयुष्यं अर्धीच राहिली. पाठवणाऱ्यांत पुरुषही होते. अनोळखी बाईसाठी एकेक मणी ओवत बसायचं, हे भाषण ऐकण्यापेक्षा अवघड.

नुसता बिल्ला मिरवणारेही आहेतच. मी कसोटी एकच लावतो: मित्रांच्या घोळक्यात कुणी आदिवासी बाईवर घाणेरडा विनोद केला, तर हा गडी बोलतो का?

चौकोन मोफत मागवता येतात. कातडं नको असेल तर बिनचामड्याचाही मिळतो.