सहाव्या जागेवरचे एक अमिनो आम्ल

जळगाव

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. एम.एस्सी. संपत आली आहे, पीएच.डी. करण्याची इच्छा आहे, परंतु पेप्टाइडसारख्या, म्हणजे प्रथिनांच्या लहानशा तुकड्यांवर पाच-सहा वर्षे घालवून आजाराविषयी खरोखर काही कळते का, की सरळ जनुकांच्या कामाकडे वळावे, असे तू विचारले आहेस. तू नंदुरबार जिल्ह्यातली. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या भागांत सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) हा शब्द शाळेत न गेलेल्या माणसांनाही ठाऊक आहे, म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्याच आजारापासून सुरू करते.

1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारे प्रथिन, विद्युतक्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते. दोष रेणूतच आहे हे त्यावरून निश्चित झाले, पण एका हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून 574 अमिनो आम्ले, म्हणजे साखळीचे मणी, असतात; त्यांतले नेमके कोणते बदलले, हे कोणालाच सांगता येत नव्हते. केंब्रिजमधील व्हर्नन इंग्रॅम यांनी 1956 मध्ये संपूर्ण प्रथिनाशी झुंजण्याचा नाद सोडला आणि ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) त्याचे तुकडे केले. ट्रिप्सिन फक्त लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतरच साखळी तोडते, त्यामुळे दर वेळी तेच तुकडे मिळतात. ते त्यांनी गाळणकागदावर एका दिशेने विजेने आणि दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरवले, वर अमिनो आम्लांना रंग आणणारे निनहायड्रिन फवारले, आणि कागदावर सुमारे 30 जांभळे ठिपके उमटले. निरोगी आणि रुग्णाचा असे दोन कागद शेजारी ठेवल्यावर बाकीचे सगळे ठिपके जुळले, एकच सरकलेला होता. पुढच्या वर्षी त्या ठिपक्यातला बदलही कळला: ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. ती जागा हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीतली सहावी. एका जनुकदोषामुळे प्रथिनात नेमका काय फरक पडतो, हे जगाला पहिल्यांदा दिसले ते एका पेप्टाइडच्या ठिपक्यातून.

जनुकांचे काम करू नकोस असे माझे म्हणणे नाही. परंतु जनुक वाचून अक्षर कुठे बदलले एवढेच समजते. त्या बदलामुळे धडगावच्या मुलाचे गुडघे रात्री का ठणकतात, हे समजण्यासाठी प्रथिनाकडेच यावे लागते. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर एक पाणी टाळणारी खोबण उघडते आणि हे व्हॅलिन तिच्यात बसते. असे रेणूला रेणू चिकटत लांब तंतू तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पेशीतले हिमोग्लोबिन जरा जरी दाट झाले तरी हे तंतू कितीतरी लवकर बनतात. आपल्याकडच्या वैशाखात शेतावर जाणाऱ्या रुग्णाला डॉक्टर भरपूर पाणी पिण्यास बजावतात, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे.

आता तुझ्या मनातला दुसरा प्रश्न, जो तू स्पष्टपणे लिहिलेला नाहीस पण मला ओळींमधून जाणवला: त्या खोबणीत आधीच जाऊन बसेल असे एखादे लहान पेप्टाइड बनवून आजार थांबवता येईल का? ही कल्पना सुंदर आहे आणि अनेकांनी ती परीक्षानळीत तपासली आहे. परंतु एका तांबड्या पेशीत सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात. औषधाचे रेणू त्या प्रमाणात पेशीच्या आत पोहोचवायचे म्हटले तर मात्रा किती लागेल याचा हिशेब तू स्वतः वहीत मांडून पाहा. शिवाय तोंडाने घेतलेले पेप्टाइड पोटातली विकरे फोडून टाकतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपयोगी पडते ते निराळ्या वाटेने: ते पोटातल्या बाळाच्या रक्तात असणारे गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते आणि ते हिमोग्लोबिन तंतूत सामील होत नाही. आपल्या आदिवासी रुग्णांपैकी अनेकांत हे गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त आढळते. तरीही एकाच घरातल्या दोन भावांत, दोष तोच असताना, एक वारंवार दवाखान्यात भरती होतो आणि दुसरा उसाच्या तोडणीला जातो. ह्या फरकात अजून पुष्कळ काम शिल्लक आहे, आणि ते आपल्या अंगणात आहे.

माझी एक चूक तुला सविस्तर सांगते, कारण ती मला कोणी आधी सांगितली असती तर माझे चार महिने वाचले असते. आम्ही रुग्णांच्या हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिनने तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्रावर, रन टाकत होतो. बीटा साखळीचा पहिला तुकडा आठ अमिनो आम्लांचा. त्यात व्हॅलिन आले की वजन 30 डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचे एकक) घटते, तसे ते घटलेले दिसत होतेच. पण पाचव्या तुकड्यातही प्रत्येक रुग्णात आलेखावर एक जादा पीक, म्हणजे शिखर, येत होता, 16 डाल्टनने जड, आणि निरोगी माणसांत तो नव्हता. मी भारावून गेले. एका परिषदेसाठी शोधनिबंधाचा सारांशही पाठवला. एका दुपारी ट्यूब धुता धुता आमचे प्रयोगशाळा परिचर म्हणाले, "मॅडम, जळगावच्या लोकांचं रक्त तर इथंच काढलं ना? ते कुठं उन्हातून आलंय?" मी हातातली पिपेट खाली ठेवली. रुग्णांचे नमुने मे महिन्यात धडगावहून एस.टी.ने येत होते, थर्माकोलच्या खोक्यातला बर्फ धुळ्यापर्यंतच वितळत होता. निरोगी नमुने मात्र आमच्याच इमारतीतल्या माणसांचे होते. त्या पाचव्या तुकड्यात, साखळीच्या पंचावन्नाव्या जागेवर, मेथिओनिन हे अमिनो आम्ल आहे, आणि मेथिओनिनला एक ऑक्सिजन चिकटला की वजन बरोबर 16 ने वाढते. मी स्वतःचे रक्त त्याच खोक्यात घालून धडगावला पाठवून परत आणवले. जादा पीक माझ्याही रक्तात आला. सारांश त्याच दिवशी मागे घेतला.

म्हणून तुलनेचा नमुना रुग्णाच्या नमुन्यासोबत त्याच खोक्यातून, त्याच उन्हातून, त्याच एस.टी.ने आला पाहिजे. नमुना कधी काढला, कधी पोहोचला, फ्रीजरची वीज किती वेळ गेली होती, हे रीडिंगच्या शेजारीच शाईने लिही. आणि परिचरांना वाकून विचारण्यात कमीपणा मानू नकोस.

दुसरी गोष्ट मला अधिक जड वाटते. सातपुड्यातल्या एका पाड्यावर एका आजीबाईंनी बोटावरच्या सुईच्या जुन्या खुणेकडे दाखवून आशाताईंमार्फत विचारले की मागच्या साली रक्त नेले, त्याचे काय झाले. ते आम्ही नेलेले नव्हते, पण माझ्याकडे देण्यासारखे उत्तरही नव्हते. तेव्हापासून अहवाल परत नेऊन, घरच्या माणसाला त्याच्या बोलीत समजावून दिल्याखेरीज दुसरा नमुना घ्यायचा नाही असे मी ठरवले. वाहक असणे, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला असणे, म्हणजे आजारी असणे नव्हे, एवढे समजावण्यातच कधी कधी अर्धा दिवस जातो. तो तुझ्या संशोधनाचाच वेळ समज.

गाईडविषयी थोडक्यात लिहिते. यंत्रे किती आहेत हे पाहण्याआधी, त्यांच्याकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट आणि फसलेल्या प्रयोगाविषयी तिथे मोकळेपणाने बोलता येते का, हे विचार. जी. एन. रामचंद्रन यांनी 1963 मध्ये मद्रासला सहकाऱ्यांसोबत पेप्टाइड साखळीला कोणते कोन शक्य आहेत हे मुख्यतः आकडेमोडीने दाखवले, आणि आजही प्रत्येक नवी प्रथिनरचना त्यांच्या आलेखावर तपासून पाहतात. तेव्हा पुणे-मुंबईला जागा मिळाली तर अवश्य जा, इथेच राहावे लागले तर कमी लेखू नकोस.

पुढच्या पत्रात विषयाचे शीर्षक पाठवू नकोस. तुला काय जाणून घ्यायचे आहे ते एका वाक्यात लिही, आणि त्या वाक्याचे उत्तर "नाही" असे आले तर ते कोणत्या रीडिंगवरून कळेल, ते दुसऱ्या वाक्यात. 27 कोटींचा हिशेबही सोबत जोड. चुकला असला तरी चालेल. घरी आई-वडिलांना नमस्कार सांग.

तुझी शुभचिंतक