समाजसेवेला डिग्री कशाला लागते?

"मॅडम, समाजसेवा तर गणपती मंडळातली पोरंबी करत्यात, त्याला पाच वर्सं कॉलेज कशाला?"

तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार बारावी झालेल्या लेकीला घेऊन, पुढं काय शिकवावं हे विचारायला सांगलीत माझ्याकडे आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. नावगाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदललेत, पण प्रश्न तोच आहे आणि दर उन्हाळ्यात तो येतोच.

मुलीच्या मोबाईलवर मावसबहिणीनं ऑस्ट्रेलियातून पाठवलेली माहिती होती, तिकडं आर्ट्स आणि सोशल वर्क अशा दोन डिग्र्या एकत्र करता येतात, आणि त्यात किमान 1000 तास फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन काम, असतं. पोरीला तसंच काहीतरी इथं करायचं होतं. बाबांचं म्हणणं, आर्ट्स म्हणजे आधीच वाया, वर हे फुकटचं काम.

मी मुलीला विचारलं, हे डोक्यात आलं कुठून? तर म्हणाली, 2019 च्या पुरात आमच्या शाळेत नदीकाठची माणसं राहायला आली होती, बिस्किटाचे पुडे ढिगानं आले, पण एक आज्जी कुणाशी बोलायचीच नाही, भिंतीकडं तोंड करून बसायची. तिसऱ्या दिवशी मी तिची वेणी घातली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, म्हैस दावणीलाच राहिली गं.

बाबा लेकीकडं बघतच राहिले, त्यांना हे माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, दादा, ती आज्जी गप्प का झाली हे सायकॉलॉजीत शिकतात, पुरात पहिल्यांदा कुणाचं घर बुडतं आणि का, हे सोशिऑलॉजीत, आणि आता उद्या सकाळी तिच्यासाठी नेमकं काय करायचं, कुठला कागद कुठल्या टेबलावर न्यायचा, हे सोशल वर्कमध्ये. म्हणून आर्ट्सची तीन वर्षं वाया जात नाहीत. बीए करून दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मास्टर्स डिग्री, करता येतं, साताऱ्याजवळ जकातवाडीला त्याचं कॉलेज आहे, कोल्हापूरला सायबर नावाची संस्था आहे, आणि मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट तर 1936 पासून हेच शिकवतेय. बारावीनंतर थेट बीएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची पहिली डिग्री, पण असतं, पण मोठ्या पोस्टना बहुतेक वेळा एमएसडब्ल्यूच मागतात, हे घरच्यांनी आधीच धरून चालावं.

"पण नोकरी?"

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षक असतात, म्हटलं. ते थांबले. मग हळूच म्हणाले, भावाच्या ऑपरेशनला रेशनकार्डात नावाचा घोळ होता, महात्मा फुले योजनेत बसंना, तवा एका मॅडमनी दोन दिवस मागं लागून कागद करून दिलते, त्या त्याच का? मी तर त्यास्नी क्लार्क समजत हुतो.

त्याच, दादा.

पगाराचं मात्र मी गोड करून सांगितलं नाही, आणि कुठल्याच पालकाला सांगत नाही. सरकारी जागा कमी निघतात, संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार थोडा असतो, प्रोजेक्ट संपला की काम संपतं. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, खर्च करावे लागतात त्यामुळं तिकडंही जागा असतात, पण इंग्रजी आणि रिपोर्ट लिहिणं चांगलं पाहिजे. मुलीलाही सांगितलं की आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत नाहीतर दवाखान्यात जावं लागेल, घरी येऊन रोजचा रिपोर्ट लिहावा लागेल, आणि एखाद्या बाईला नवऱ्यानं मारलेलं ऐकून आल्यावर रात्री जेवण जाणार नाही. तेव्हा सुपरवायझरशी बोलायचं, आतल्या आत ठेवायचं नाही. ती ऐकत होती, घाबरली पण होती, आणि मला ते बरं वाटलं कारण न घाबरणाऱ्या मुलांचीच मला जास्त काळजी वाटते.

निघताना बाबांनी दारातून विचारलं, "त्या सिव्हिलच्या मॅडमना पोरीला घिऊन भेटता यील का?"

सकाळी ओपीडीच्या वेळेला जा म्हटलं. पुढच्याच आठवड्यात दोघं जाऊन आले. जूनमध्ये मुलीचा फोन आला, बीएला सायकॉलॉजी घेतलंय, आणि बाबा आत्तापासूनच जकातवाडीच्या होस्टेलची चौकशी करतायत.