वाचक विचारतात : ‘वन नेशन टोरी’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : माझी मुलगी लीड्सला नोकरी करते. फोनवर कधी तिथल्या राजकारणाचा विषय निघतो. हुजूर पक्षातल्या काही खासदारांना ‘वन नेशन टोरी’ म्हणतात, असं ती सांगते. मला वाटलं, हे कडवे राष्ट्रवादी असणार. ती म्हणते, उलट हे पक्षातले मवाळ. मग हे ‘एक राष्ट्र’ आलं कुठून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची मुलगी बरोबर सांगते. या ‘एक राष्ट्रा’चा रोख सीमेकडे किंवा परकीयांकडे नाही, तो आहे श्रीमंत आणि गरीब यांच्यातल्या दरीकडे. ती लीड्सला राहते हे वाचून मला विशेष बरं वाटलं, कारण या परंपरेचं एक मूळ तिच्या अगदी जवळ आहे.

हडर्सफील्डजवळ फिक्सबी हॉल नावाची जमीनदारी होती. तिथला दिवाणजी रिचर्ड ओस्टलर हा कट्टर टोरी, म्हणजे हुजूर पक्षाचा. राजा, चर्च आणि पिढीजात जमीनदारी यांवर त्याची श्रद्धा होती. वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी बंद व्हावी म्हणूनही तो झटत होता. १८३० मध्ये तो ब्रॅडफर्डच्या जॉन वुड या गिरणीमालक मित्राकडे मुक्कामाला असताना वुडनेच त्याला सुनावलं, की समुद्रापलीकडच्या गुलामांसाठी तू लढतोस, पण इथे आमच्या गिरण्यांत लहान मुलांचं काय चाललंय ते तुला माहीत तरी आहे का? ओस्टलर हादरला. त्याने ‘लीड्स मर्क्युरी’ या वृत्तपत्राला पत्र लिहिलं आणि त्याला मथळा दिला ‘यॉर्कशायरमधली गुलामगिरी’. दहा तासांच्या दिवसाची मागणी करणाऱ्या चळवळीला त्या पत्राने तोंड फुटलं. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली आणि १८४७ मध्ये बायका व किशोरवयीन मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला. संसदेत या लढ्याची धुरा ज्यांनी वाहिली ते लॉर्ड अ‍ॅशले, म्हणजे पुढचे शाफ्ट्सबरी, तेही टोरीच.

ओस्टलर काही समतावादी नव्हता. मोठा तो मोठा आणि लहान तो लहान, हे त्याला मान्यच होतं. पण मोठेपणासोबत जबाबदारी येते, यावर त्याचा ठाम विश्वास होता. मजुरी चुकती केली की माझा-तुझा संबंध संपला, असं म्हणणारा मालक त्याच्या लेखी धर्म सोडलेला माणूस होता. या परंपरेचा गाभा मला इथे दिसतो. बी.ए.च्या वर्गात मी हा भाग शिकवायची तेव्हा मुलं गोंधळायची, कारण उजवे म्हणजे मालकांचे आणि डावे म्हणजे कामगारांचे असा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असे. त्या काळी कारखान्यांच्या कायद्यांना जोरदार विरोध करणाऱ्यांत मुक्त व्यापारवाले उदारमतवादी गिरणीमालक होते, हे त्यांना पटवायला वेळ लागायचा.

या भावनेला नाव आणि चेहरा दिला तो पुढे पंतप्रधान झालेल्या बेंजामिन डिझरायली यांनी. ज्यू घरात जन्म, बाराव्या वर्षी बाप्तिस्मा, घराण्याची मोठी जमीनदारी नाही, आणि तरी जमीनदारांच्या पक्षाचे नेते. १८४५ मध्ये त्यांनी ‘सिबिल’ ही कादंबरी लिहिली. तिचं उपशीर्षकच ‘दोन राष्ट्रं’. एका पडक्या मठाच्या आवारात उमराव घराण्यातला एग्रेमंट अभिमानाने म्हणतो, की आमची राणी जगातल्या सर्वांत थोर राष्ट्रावर राज्य करते. समोरचा तरुण विचारतो, कुठल्या राष्ट्रावर? ती तर दोन राष्ट्रांवर राज्य करते. एकमेकांशी येणंजाणं नसलेली, एकमेकांचं सुखदुःख ठाऊक नसलेली ती दोन राष्ट्रं म्हणजे श्रीमंत आणि गरीब.

हे संवाद सगळीकडे उद्धृत होतात. मला त्याहून जवळची वाटतात ती ‘टॉमी शॉप’ची पानं. खाणकामगारांना ‘बटी’ मजुरी देई. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असावा तसा हा मधला माणूस. पण पैसे रोख हातात पडत नसत. त्याऐवजी ‘टॉमी शॉप’ या ठरलेल्या दुकानातून माल घ्यायचा, तोही बाजारापेक्षा चढ्या भावाने. १८३१ च्या कायद्याने या प्रकाराला बंदी होती, तरी तो चालूच होता. दुकान उघडण्याआधीच बायका दारात गर्दी करतात. दुकानदार डिग्जचा पोरगा गल्ल्याच्या पलीकडून त्यांच्या अंगावर खेकसतो. घरी चूल पेटायची तर त्या उलट बोलणार कशा? असे प्रसंग लिहिताना डिझरायलींनी सरकारी चौकशी अहवालांचा भरपूर आधार घेतला होता. खाणीतल्या मुलांच्या साक्षी त्या अहवालांत १८४२ मध्येच छापल्या गेल्या होत्या.

पुढचा राजकीय प्रवास थोडक्यात सांगते. १८६७ मध्ये डर्बी-डिझरायली सरकारने शहरातल्या कामगार कुटुंबप्रमुखांना मताचा हक्क दिला आणि मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. यात डावपेच होताच. उदारमतवाद्यांवर मात करायची होती. १८७२ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या भाषणात डिझरायलींनी पक्षाची तीन उद्दिष्टं मांडली : जुन्या संस्था टिकवणं, साम्राज्य राखणं, लोकांची स्थिती सुधारणं. सांडपाणी आणि आरोग्य हे राज्यकर्त्यांचे विषय आहेत, असं ते म्हणाले तेव्हा विरोधकांनी ‘गटारांचं धोरण’ म्हणून टर उडवली. सत्ता आल्यावर १८७५ या एका वर्षात गृहमंत्री रिचर्ड क्रॉस आणि सहकाऱ्यांनी सार्वजनिक आरोग्य, गलिच्छ वस्त्यांचं निर्मूलन, अन्नातली भेसळ आणि कामगार संघटनांचा शांततामय निदर्शनांचा हक्क, एवढ्या विषयांवर कायदे केले. वस्त्यांचा कायदा नगरपालिकांच्या मर्जीवर सोडला होता, त्यामुळे थोड्याच शहरांनी तो वापरला. तरीही खाणकामगारांचे नेते आणि खासदार अलेक्झांडर मॅक्डोनाल्ड यांनी १८७९ मध्ये कबूल केलं, की उदारमतवाद्यांनी पन्नास वर्षांत केलं नाही ते हुजूर पक्षाने पाच वर्षांत कामगारांसाठी केलं.

‘एक राष्ट्र’ ही घोषणा मात्र हुजूर पक्षाचेच नंतरचे पंतप्रधान स्टॅन्ले बाल्डविन यांची. डिझरायलींच्या दोन राष्ट्रांचा हवाला देऊन १९२४ मध्ये त्यांनी तो शब्दप्रयोग केला. १९५० मध्ये तरुण खासदारांनी ‘वन नेशन’ गट काढला. एडवर्ड हीथ आणि इनक पॉवेल हे परस्परविरोधी गृहस्थ त्यात एकत्र होते. वर्षाला ३,००,००० घरं बांधण्याचं आश्वासन हॅरोल्ड मॅक्मिलन यांनी मंत्री म्हणून १९५३ मध्ये पुरं केलं, ते याच विचाराचं फळ. थॅचरबाईंच्या काळात या मंडळींना ‘वेट्स’, म्हणजे कच्च्या दिलाचे, म्हणून बाजूला सारलं गेलं. तुमची मुलगी ज्यांच्याबद्दल ऐकते ते यांचेच वारस.

प्रश्न : डिझरायली गरिबांचे कैवारी होते म्हणता, तर त्यांच्याच कारकिर्दीत आपल्याकडे १८७६-७८ चा दुष्काळ पडला, त्याचं काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा प्रश्न विचारायलाच हवा होता. तुमच्या जिल्ह्याने तर त्या दुष्काळाचा मार पुरा सोसला.

१८७६ मध्ये डिझरायलींनी राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ हा किताब देणारा कायदा केला. त्यांनीच नेमलेले व्हाइसरॉय लिटन यांनी १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत त्याचा दरबार भरवला, तेव्हा दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं अन्नपाण्यावाचून मरत होती. त्याच महिन्यात लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना खर्चाला कात्री लावायला दक्षिणेत पाठवलं. दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाईला त्याहूनही कमी. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, त्या दिल्ली दरबाराला हातमागाच्या खादीच्या वेषात हजर होते. ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेला द्या, अशी त्यांची मागणी होती. डिझरायलींचं ‘एक राष्ट्र’ डोव्हरच्या किनाऱ्याला संपत होतं, हे तिथे उघडं पडलं. क्रिस्टल पॅलेसच्या भाषणातच साम्राज्य आणि गरिबांची उन्नती ही उद्दिष्टं शेजारी शेजारी होती, आणि दुसरं उद्दिष्ट फक्त घरच्या गरिबांसाठी होतं. या दुष्काळाने पेटून उठलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये बंड केलं, तेव्हाही लंडनमध्ये सरकार डिझरायलींचंच होतं. १८७५ चे कायदे मी मनापासून वाखाणते, पण दुष्काळाचं पाप त्या कायद्यांनी धुऊन निघत नाही.

प्रश्न : दादाभाई नौरोजी उदारमतवादी पक्षाचे खासदार होते. हुजूर पक्षाकडून कोणी हिंदी माणूस निवडून आला होता का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हो. मुंबईचे मंचरजी भावनगरी. १८९५ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन ईशान्य मतदारसंघातून ते निवडून आले. वस्ती कामगारांची, आणि हरले ते जॉर्ज हॉवेल, पूर्वी विटांचं बांधकाम करणारे कामगार नेते. डिझरायलींनी मताचा हक्क दिलेला कामगार हुजूर पक्षालाही मत देत होता, याचा हा ढळढळीत पुरावा. काँग्रेसची मंडळी भावनगरींवर नाराज असत, कारण ते साम्राज्याचे पाठीराखे. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाबद्दल मात्र त्यांनी संसदेत वारंवार आवाज उठवला आणि त्या कामात गांधीजींना त्यांची मदत झाली. १९०० मध्ये ते पुन्हा निवडून आले. १९०६ च्या उदारमतवादी लाटेत हरले.