तांब्यावरचा एकटा कोबाल्ट अणू

प्रश्न : धातू थंड केला की त्याचा रोध घटतो, असे आम्ही शिकलो, मग लोहाचे किंचित प्रमाण असलेल्या सोन्याचा रोध अतिशय कमी तापमानाला पुन्हा का वाढतो? असा एकच अणू धातूच्या पृष्ठभागावर ठेवला तर काय घडते?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : सोन्याच्या रोधाची ही विचित्र वागणूक १९३४ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे दिसली, पण तिचे कारण जपानचे जुन कोंडो यांनी १९६४ मध्ये सांगितले. साध्या अशुद्धीवर, म्हणजे चुंबकत्व नसलेल्या परक्या अणूवर, आदळलेला इलेक्ट्रॉन केवळ दिशा बदलतो आणि त्यामुळे येणारा रोध तापमानावर अवलंबून नसतो. लोह किंवा कोबाल्टच्या अणूला मात्र स्वतःचे स्पिन, म्हणजे त्याला छोट्या चुंबकासारखे बनवणारा गुणधर्म, असते. टकरीत इलेक्ट्रॉन आणि अणू यांच्या स्पिनची अदलाबदल होऊ शकते, म्हणून मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला बदललेला अणू भेटतो. एका टकरीचा असर दुसरीत उतरतो, हेच या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. तापमान उतरते तसा हा परिणाम बळावतो, रोध वाढतो आणि शेवटी भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून अणूचे स्पिन झाकून टाकतात. ज्या तापमानाच्या आसपास हे घडू लागते, त्याला कोंडो तापमान म्हणतात.

आता पृष्ठभागाकडे वळू. पावसाळ्यात गोदावरीच्या प्रवाहात पुलाच्या खांबाभोवती पाणी जसे लहरते, तसे तांब्याच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन अणूभोवती लहरी उठवतात. अशा लहरी कोणत्याही अशुद्धीभोवती उठतात. त्यांना चुंबकत्व लागत नाही, आणि हा फरक विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा. चुंबकीय अणूची खूण वेगळी असते. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप हे उपकरण टोकदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन, सुईतून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून एकेक अणू पाहते. त्याची सुई सोन्यावरील कोबाल्टच्या अणूवर आणून व्होल्टता थोडी थोडी बदलली, तेव्हा शून्य व्होल्टतेजवळ विद्युत्‌वाहकतेत एक अरुंद खळगा आढळला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीने, पूर्वी असंख्य अणूंच्या एकत्रित रोधावरून ताडला जाणारा परिणाम एकाच अणूपाशी दाखवला. सुई अणूपासून सुमारे एक नॅनोमीटर सरकली की तो खळगा विरतो.

२००० साली अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत, सुमारे ४ केल्विन (उणे २६९ अंश सेल्सिअस) तापमानाला, तांब्यावर कोबाल्टच्या अणूंचे लंबवर्तुळाकार कुंपण रचून त्याच्या एका नाभीवर कोबाल्टचा आणखी एक अणू ठेवण्यात आला. लंबवर्तुळाच्या आत नाभी नावाचे दोन बिंदू असतात आणि एकीपासून निघालेल्या लहरी कडेवरून परतून दुसरीवर एकवटतात. दुसऱ्या नाभीवर कोणताही अणू नव्हता, तरी तिथेही तीच खूण, थोडी फिकट, उमटली. आतला अणू नाभीवरून हलवताच ती नाहीशी झाली.