स्क्रीनशॉट कापा, पण पत्ता आणि घड्याळ ठेवून

जुळे सोलापूरच्या ताई, अनुदानाच्या अर्जात येणाऱ्या एररचा तुम्ही अख्ख्या स्क्रीनचा फोटो पाठवता आणि कार्यालय ‘अक्षरं दिसत नाहीत’ म्हणून परत करतं, हे वाचून जुनं सगळं आठवलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचे हिशेब बघताना मी यातूनच गेलोय.

विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबून चौकोन ओढायचा, हे तुम्हाला येतच असणार. खरी डोकेदुखी पुढे आहे. एका कार्यालयानं (नाव नको) आधी पूर्ण स्क्रीन नाकारला. मग नुसती एररची लाल ओळ कापून दिली, तर म्हणे, “ही कुठल्या साइटची? कधीची? कशावरून?” तोवर मुदत संपली. काय काय दिसायला हवं हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं? एक नमुना भिंतीवर डकवला असता तरी भागलं असतं. अजूनही संताप होतो.

म्हणून माझं ठाम मत: अशा कामात फक्त एरर कापून पाठवू नका. घड्याळ असतं खाली उजवीकडे, साइटचा पत्ता वर, त्यामुळे चौकोन मोठा होतो आणि अक्षरं बारीक. यावर उपाय म्हणजे ब्राउझरची खिडकी लहान करून उजव्या खालच्या कोपऱ्यात सरकवायची. मग छोट्याशा चौकोनातच पत्ता, एरर आणि तारीख-वेळ तिन्ही बसतात. क्लिक करताच मिटणारा मेनू हवा असेल तर स्निपिंग टूलमध्ये (विंडोजमधलं स्क्रीनशॉट घ्यायचं अॅप) काही सेकंदांचा विलंब लावून ठेवा.

व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो, अक्षरं फुटतात. आधार क्रमांक झाकायला हायलायटर अजिबात वापरू नका, त्याच्याखालचे आकडे वाचता येतात. पेंटमध्ये भरीव काळा चौकोन टाका. आणि स्निपिंग टूल मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून अपडेट ठेवा: २०२३ मध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये असा दोष सापडला होता की कापून त्याच फाइलवर सेव्ह केलं तर कापलेला भाग परत काढता येत असे. तो दुरुस्त झालाय, पण अपडेट न केलेल्या मशिनचा भरवसा नाही.

हे सगळं विंडोजचं सांगितलं. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ४. तुमच्या कार्यालयाचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा काय काय दिसायला हवं ते आधी ईमेलवर लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तर नंतर कुणी मान्य करत नाही.