क्रोएशियात शिडाच्या बोटीनं आठवडाभर फिरायचंय. रोज रात्री मरिनात, म्हणजे पैसे घेऊन बोटी बांधू देणाऱ्या धक्क्यावर, थांबावं की खाडीत नांगर टाकावा?

पैसे जास्त झाले असतील तर खुशाल रोज मरिनात थांबा.

आम्ही तिथल्या स्प्लिट शहरातून चाळीस फुटी बोट भाड्यानं घेतली होती. मेहुणा पुण्याचा, म्हणून तो कप्तान. मी लातूरचा, म्हणून दोर ओढायला. टाकीतलं पाणी संपत आलं म्हणून साहेबांनी एका बेटावरच्या मरिनाकडं बोट वळवली. नाव लिहीत नाही. रेडिओवर १७ नंबरच्या चॅनेलवर हाका मारून घसा बसला, उत्तर नाही. शेवटी एक पोरगा डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, आला आणि जागा दिली ती नेमकी फेरीबोटींच्या वाटेवर. बांधायचा दोर पाण्यातून वर ओढला तर त्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचा खरबरीत थर. माझे तळहात सोलून निघाले.

बोटीची लांबी बघून शंभर युरोच्या वर आधीच घेतले. मग धक्क्यावरच्या नळाला पाईप लावला. नळ खरखरला, चमचाभर तांबडं पाणी थुंकला आणि गप्प. उन्हाळ्यात बेटावर टंचाई असते म्हणे, सकाळी या. मेहुणा हसून म्हणतो, "दाजी, तुम्हाला तर सवयच असेल!"

अरे बाबा, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत १० वाघिणी, पाच लाख लिटर. पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. पण तेव्हासुद्धा आमचा टँकरवाला आधी पाणी ओतायचा, मग पैसे मागायचा.

रात्रभर लाटांनी बोट हिंदकळत होती, दोऱ्या डोलकाठीवर टणटण वाजत होत्या. कुणाचा डोळा लागला नाही. दुसऱ्या रात्री मी हट्टानं खाडीत नांगर टाकायला लावला. सात मीटर खोली, पस्तीस मीटर साखळी सोडली, बोट जागची हलली नाही. फुकट.

तेव्हा निघतानाच टाकी काठोकाठ भरून घ्या. आंघोळ समुद्रात करा, वरून दोन तांबे गोडं पाणी, बास. हां, बुरा किंवा युगो या तिथल्या जोरदार वाऱ्यांचा इशारा असेल तर मात्र शहाणपणा न करता मरिना गाठा. आणि बऱ्याच खाड्यांत आता बोट बांधायला तरंगते बोया टाकलेत, त्याचेही पैसे घेतात. मरिनात जायचंच असेल तर आधी फोन करून नळाला पाणी आहे का ते विचारा.

मेहुणा दिवाळीला आला की अजून म्हणतो, मरिना चांगली होती, आपला दिवस वाईट होता. तो हे वाचत असेल तर पावती माझ्याकडं जपून ठेवलीय, त्याच्या वाट्याचे पैसे अजून आलेले नाहीत.